सासऱ्यांची गोगलगाय मी चकचकीत केली

विस्कॉन्सिन,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

मेव्हणे नॉर्बर्ट यांना एल्रॉयचा टोपी काढून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डोरिसवहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुमची बहीण ॲर्डिस, आणि ठीक म्हणजे ती माझ्याशी बोलत नाही. तुमच्याशी तर ती सासऱ्यांना पुरलं त्या दिवसापासून बोलत नाही, तेव्हा या बाबतीत तुम्ही मला वडीलधारे. अबोला काढायचा कसा, हे तुम्हालाच विचारावं म्हटलं. (तुम्हालाही ठाऊक नाही, हे मला ठाऊक आहे.)

वाटणीचं मी काही बोलत नाही. सासऱ्यांनी पहिल्या महायुद्धातून आणलेलं जर्मन पिस्तुल तुमच्याकडे गेलं आणि त्याला खाली लावायचं गोळ्यांचं गोल डबडं, ज्याला आपण सगळे गोगलगाय म्हणतो, ते ॲर्डिसकडे आलं. पिस्तुलाशिवाय गोगलगाय म्हणजे घोड्याशिवाय खोगीर. तुम्ही म्हणालात, खोगीर दे. ती म्हणाली, घोडा दे. मग पाद्रीबाबांसमोर तुम्ही दोघं जे जे म्हणालात ते लिहायला माझी लेखणी धजत नाही. तेव्हा मी ठरवलं, की ही गोगलगाय (जी आतून गंजून ठप्प झाली होती) आपण दुरुस्त करायची, बोलिंगच्या हॉलमागे भरणाऱ्या, जुनी हत्यारं जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनात मांडायची, तिची वाहवा तुमच्या कानावर जाईल आणि तुम्ही पिस्तुल घेऊन धावत याल. बेत चांगला होता. माझे बेत नेहमी चांगलेच असतात, त्यांत मी हात घालेपर्यंत.

आता तिच्या पोटात एक स्प्रिंग असते, घड्याळातल्या स्प्रिंगची थोरली बहीण. झाकण उघडण्याआधी तिचा ताण उतरवायचा असतो, हे मला झाकण उघडल्यानंतर कळलं. बाईसाहेब बाहेर आल्या, माझा चष्मा घेऊन गेल्या आणि फळीवरच्या बिटाच्या लोणच्याच्या बरणीवर विसावल्या. ॲर्डिस धावत गॅरेजमध्ये आली तर मी चष्म्याविना, नखशिखांत लाल. ती किंचाळली. मग लोणचं आहे असं कळल्यावर दुप्पट किंचाळली. (त्या बरणीला जत्रेत बक्षीस मिळालं होतं. मला अजून कुठे मिळालेलं नाही.)

पण हार मानली तर तो एल्रॉय कसला! स्प्रिंग परत बसवली, गंज काढला आणि लाकडाच्या खोट्या गोळ्या भरभरून उन्हाळाभर ती सुरात आणत बसलो. कधी अर्ध्यात अडायची, कधी सगळ्या गोळ्या एकदम ओकायची. शेवटी एके दिवशी गोळ्या शिस्तीत एकामागून एक बाहेर आल्या, चर्चमध्ये प्रसादाला माणसं येतात तशा. मी एकटाच गॅरेजात पोल्का नाचलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण मेव्हणे, माझा जन्म चीजच्या कारखान्यात गेला. तिथे पिंपावर डाग दिसला की तपासनीस नोकरीवर उठतो. आणि ही गोगलगाय डागांनी भरलेली! या मंडळींचा नियम मी ऐकला होता, की जुन्या हत्याराला तेल लावा, पुसा, पण घासू नका. डाग हीच त्याची इभ्रत. मला वाटलं, ही आळशांनी काढलेली पळवाट. मी पॉलिशचं चाक लावलं, वरून नवा निळा-काळा मुलामा चढवला. अशी चमकली म्हणून सांगू! तिच्यात बघून दाढी करावी.

प्रदर्शनात वेंडेल बार्ट्झने, म्हणजे या मंडळींच्या पोपनेच म्हणा, ती हातात घेतली आणि टोपी काढली. मला वाटलं, आदराने. म्हणाला, "अरेरे, कोणी केलं हे?" मी छाती काढून सांगितलं, मी! मग एकेक जण येऊन बघून गेला, हळू आवाजात, मयताला येतात तसा. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात ॲर्डिस आली. तिला हे सगळं अचानक दाखवून खूश करायचं होतं ना! तिने गोगलगाय उलटी केली, सुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बाबांचा अंगठा कुठाय?"

तुम्हाला सांगायला नको. दर रविवारी जेवण झालं की सासरे खुर्चीत बसून ती हातात धरायचे, आणि जिथे अंगठा टेकायचा तिथला काळा रंग झिजून पांढरं लोखंड उघडं पडलं होतं. मी ते डाग समजून बुजवलं. नॉर्बर्ट, मी फार मूर्ख माणूस आहे. गमतीने नाही म्हणत. घरी येताना गाडीत ती रडली, पुरतानासुद्धा रडली नव्हती तशी. आणि मग म्हणाली, "हे काय गेलं ते फक्त नॉर्बर्टला कळेल." तुमचं नाव तिच्या तोंडून इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं.

कळावे. लोभ अजून शिल्लक असेल तर थोडा माझ्या नावावर ठेवावा.

आपला,
एल्रॉय

ता. क. गोगलगाईची आता बाजारात किंमत राहिलेली नाही, त्यामुळे भांडायला कारण उरलेलं नाही. शुक्रवारी मासे तळतोय. तुम्ही या आणि मला शिव्या घाला. तिला एकटीला जमत नाहीये, अर्ध्यात सोडून भांडी घासायला जाते. दोघं मिळून घाला.

ता. ता. क. पिस्तुल आणाच, पण कुलूप लावून. चावी तिच्याकडे द्या. मी हट्ट केला तरी माझ्या हातात देऊ नका.

ता. ता. ता. क. हे पत्र तिला न सांगता लिहीत होतो, पण तिने मागून वाचलं. म्हणाली, येऊ दे नाहीतर न येऊ दे, मला काय त्याचं. आणि आत जाऊन शुक्रवारच्या बटाट्याच्या सॅलडमधून कांदा वगळायचा असं मोठ्याने म्हणाली. मेव्हणे, या घरात आम्ही दोघंही कांदा आवडीने खातो.