सातवा थर

४ मार्च
लेकीची नोकरी ३१ तारखेला संपते. १४ तारखेच्या शुक्रवारी तिला साहेबांपुढे काम मांडायचंय – पसंत पडलं तर आणखी दोन वर्षं, नाहीतर गाशा गुंडाळा. काम काय, ते मला चार वर्षांत कळलेलं नाही.

५ मार्च
आज विचारलंच. एक पदार्थ आहे. खूप गारठवला की त्यातून वीज बिनअडथळा वाहते. तो कसा वागेल हे ती संगणकावर गणिताने काढते, प्रयोगातला एकही आकडा उसना घ्यायचा नाही. कोणते अणू, कुठे बसलेत, एवढंच संगणकाला सांगायचं. बाकी मुळापासून गणित. त्यात तिला पदार्थाच्या कडेवर विजेची वेगळीच वाट सापडलीय. ओरखडा काढा, खड्डा पाडा – मोडत नाही म्हणे!
मी सातवी पास. मान हलवली.
नंतर म्हणाली, अणूंच्या जागी मणी लावून त्या पदार्थाचा नमुना करून द्याल का, लोकांना हातात घेऊन बघता येईल. चाळीस वर्षं सुतारकी केलीय. नाही कसं म्हणणार.

७ मार्च
संगणकाला दिलेली अणूंची यादीच तिने मला दिलीय, तिच्याप्रमाणे थर सहा. सगळ्यात खालचा काळ्या मण्यांचा, सगळ्यात वरचा पिवळ्यांचा. पण तिनेच सांगितलं होतं, वरची आणि खालची बाजू सारखीच. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. सहाच. मीच चुकत असणार, शिकलेली माणसं कशाला चुकतील?

८ मार्च
वर सातवा थर म्हणून नऊ काळे मणी चढवले. आता कसं कपाटासारखं नेटकं! तिला सांगितलं नाही. उगाच डोक्याला ताप.

९ मार्च
तिने बोट लावून थर मोजले. दोनदा. जेवली नाही. मी घाबरून खरं सांगून टाकलं, काढतो म्हटलं, पाच मिनिटांचं काम. "राहू द्या."

११ मार्च
तिने सात थर धरून गणित पुन्हा लावलंय. दोन दिवस लागतील. देवाकडे नेमकं काय मागायचं तेच कळत नाही.

१३ मार्च
गणितातून कडेची वाट गेली. ओरखड्याने मोडत नव्हती, माझ्या नऊ मण्यांनी मोडली. मी म्हटलं, यादी तुझी सहाचीच, तेच दाखव. सातवा म्हाताऱ्याचा चाळा.
तिने वरच्या मण्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, थर कमी आहे हे मला महिनाभर माहीत होतं. कुणी मोजू नये एवढंच वाटत होतं."

१४ मार्च, शुक्रवार
सकाळी नमुना पिशवीत घालून गेली. मागाहून नमुना ठेवला होता ती फळी पाहिली, टेबलाखाली पाहिलं. एकही काळा मणी काढून मागे ठेवलेला नाही.