डॉक्टरांना ‘नाही’ म्हटलं

शेलूबाजार, गुरुवार, दिवेलागण

हिंगाची डबी आजही नाकाशी धरली. काहीच नाही. वाशिमच्या डॉक्टरांनी तपासलं, नाक अगदी साफ आहे म्हणाले. सर्दी नाही, डोकं कुठे आपटलेलं नाही. मग वास गेला कशाने? जाता जाता त्यांनी विचारलं, “घरात कोणाला विसरण्याचा आजार होता का?” मी चटकन ‘नाही’ म्हटलं.

का म्हटलं? मिशनच्या शाळेत सिस्टरसमोर खोटं बोलले की मी लगेच कबूल करून टाकायचे. आज केलं नाही.

आईचंही नाकापासूनच सुरू झालं होतं. चुलीवर दूध करपायचं आणि तिला पत्ता नसायचा. शेजारच्या काकू ओरडायच्या, “नाक माहेरीच ठेवून आली काय वं, गोदे?” आई हसायची. आम्हीही हसायचो.

उद्या फोन करून डॉक्टरांना खरं सांगायला हवं. मग तपासण्या होतील, मग कळेल... पण मला कळून घ्यायचं आहे का?

मघाशी पुन्हा ती डबी उघडली.

शेवटच्या वर्षी एकदा आईची वेणी घालत होते. तिने वळून मायेने माझी हनुवटी धरली आणि विचारलं, “कोनाची लेक व्हय वं तू?”