तितीनचं खरं नाव

२ मे १९८३
नामांचे प्रकार एकदाचे डोक्यात शिरले! पुस्तक उघडलं की भाचीला जांभया येतात, म्हणून दारात मासे साफ करता करता विचारत होते. मासा? सामान्यनाम. नावेवरची सगळी माणसं मिळून? समूहवाचक. भीती? भाववाचक. सूफ्रिएर? विशेषनाम.
मग म्हणते, "मावशी, गावात चार तितीन आहेत, पाचवी आपली शेळी. मग 'तितीन' विशेषनाम कसं? माझं खरं नाव कुठलं?"
माझी आई, म्हणजे तिची आजी, चुलीपाशी होती. "अभ्यास कर," एवढंच म्हणाली.

५ मे
तिच्या बाई, मिस ऑगस्त, भेटल्या. "सूफ्रिएरला परीक्षेच्या फाटकावर दाखल्यावरचं नाव पुकारतात. 'हजर' म्हटलं नाही तर आत सोडत नाहीत. पोरीला सांगितलंय ना?"
कुठलं सांगतेय! बहीण बाळंतपणात गेली. बाप्तिस्म्यात बाळाला तिचंच नाव दिलं गेलं, आणि आईने मला ताकीद दिली — हे नाव या घरात काढायचं नाही. हाक मारलीस तर ती पोरीला न्यायला येईल. घरचं नाव वेगळं असतंच आमच्याकडे, त्यामुळे शाळेतही ती तितीनच, कुणी विचारलं नाही.
पास झाली तर कास्त्रीजची मोठी शाळा. नाही तर माझ्यासारखी शेडमध्ये केळी धूत बसेल. ते मला बघवणार नाही.

९ मे
आईला म्हटलं, सांगते तिला. "मी मेल्यावर सांग." मी चार बुकं शिकलेली, भुताखेतांना हसणारी — आणि माझीही जीभ उचलत नाही. स्वतःचाच राग येतो.

१२ मे
उद्या परीक्षा. वाटेत सांगेन. नक्की.
आता आई म्हणते, मीही येणार.

१३ मे
व्हॅनमध्ये आई आमच्या दोघींच्या मधे बसली. राहूनच गेलं.
फाटकावर साहेबाने पुकारलं, "क्लेमांतीन जोझेफ!" तितीन इकडेतिकडे बघतेय, ही कोण बाई? दुसऱ्यांदा पुकारलं. मी आईकडे बघितलं. साहेब पुढच्या नावाकडे वळला, तेवढ्यात आई ओरडली, "आहे! क्लेमांतीन आहे!" आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "जा, तूच ती."
मग तिथेच धुळीत बसून रडली. मला वाटलं, भीतीने.
परतताना मी पोरीला सगळं सांगितलं. पेपरबद्दल विचारायचंही सुचलं नाही.

१४ मे
पोरीला ताप. अंग नुसतं भाजतंय. मी म्हणते, उन्हाचा आहे. आई उशाशी बसून आहे. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटतेय.

१६ मे
ताप उतरला. उठून बसली आणि पहिला प्रश्न — "आजी, माझ्या आईचं नाव मला कुणी दिलं?"
मी आजवर समजत होते, पाद्रीबाबांनी.
"मी," आई म्हणाली. "ती न्यायला येईल म्हटलं, ते खोटं. ते नाव ऐकलं की मला रडू आवरायचं नाही."
मग पेला पुढे केला. "घे, क्लेमांतीन. कोको गार होतोय."