दहा लक्ष नऊ

४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी जिन्यावरून पडल्याची बातमी शेजारच्या शिंप्याने तुला तिखटमीठ लावून कळवलेली दिसते. पडलो ते दोनच पायऱ्या, आणि पाय आता बरा आहे. तरी तुझं पालुपद चालूच, बाबा, माझ्याकडे राहायला या. चाळीस वर्षं गिअरचे दाते कापले त्या मशीनला सोडून कसा येऊ?

तेव्हा पैज. दात्यांचा मेळ बसवायचा तर आधी संख्या फोडावी लागते, म्हणून लहानपणी तुला रोज एक फोडायला द्यायचो. तशी ही घे, १०,००,००९. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग गेला, तर मी निमूट तुझ्याकडे येईन. नाही गेला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. फक्त कागद-पेन्सिल, आणि सगळे कागद मला पाठवायचे.

जावईबापूंना आशीर्वाद. राग नसावा.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

हजारापर्यंतच्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. त्यापुढे जायला नको, भाग जाणार असेल तर जोडीतली लहान संख्या हजाराच्या आतच सापडते, हे तुम्हीच शिकवलेलं. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत असतात, तेवढ्या वेळात रोज दहा-बारा उरकल्या. सोबतच्या मुली म्हणतात, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. सातने तीन उरले, तेराने दहा, असं करत शेवटपर्यंत गेले. हरले, बाबा. कागद जोडले आहेत.

शब्द पाळीन. खिडकीजवळची जागा मोजून ठेवली होती, मशीन बसलं असतं. असो. जिन्याला कठडा तेवढा बसवून घ्या.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची ठमी

२७ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

बासष्टावं गणित बघ. २९३ने भागलंस, ३४१२ आले, आणि खाली लिहिलंस, उरले २९३. अगं वेडे, जितक्याने भागायचं तितकेच उरले, म्हणजे आणखी एकदा भाग जातो! ३४१३, खाली शून्य. अशी चूक तू आठ वर्षांची असतानाही केली नव्हतीस.

मला हे आधीपासून ठाऊक होतं. १००० आणि ३ यांचे वर्ग मिळवले की ही संख्या येते. २३५ आणि ९७२ यांचे मिळवले तरी हीच. मूळ संख्या कधी अशी दोन रीतींनी जमत नाही. फुटणारी संख्याच मी निवडली, कारण तोंडाने 'येतो' म्हणवत नव्हतं. तू 'हरले' लिहिलंस आणि मी लगेच तुझे कागद पसरून चूक शोधायला बसलो. गप्प बसलो असतो तर पैज माझीच होती.

पायऱ्या दोन नव्हत्या, सात होत्या. तासभर खाली पडून होतो आणि तुझी फार आठवण आली. मला न्यायला ये.

बाबा

२ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

शनिवारी आम्ही दोघं टेम्पो घेऊन येतो. मशीनला तेल देऊन ठेवा. सात पायऱ्यांचं शिंपीकाकांनी तेव्हाच कळवलं होतं.

आणि २९३पाशी पेन्सिल मी मुद्दामच थांबवली होती. भाग गेला तेव्हा मी प्रयोगशाळेत एवढी ओरडले की सगळ्या मुली धावत आल्या. पण पैजेत जिंकून तुम्हाला आणायचं माझ्या जिवावर आलं. तुम्हाला यायचं असेल तर तुम्ही ती चूक दाखवाल, नसेल तर गप्प बसाल, असं ठरवलं.

पुढच्या एकशे सहा संख्यांनी मात्र उगीच भागत बसले, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून.

तुमची ठमी