लग्नाच्या बायकोला मागणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा मनातल्या मनात). तुझा रक्तदाब, भावोजींची दाढ आणि तुमचं मांजर, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. फक्त माझं लग्न ठरायचं बाकी आहे. दचकू नकोस, चष्मा पूस आणि पुढे वाच. वधू तीच आहे.

रजिस्टर लग्न केल्यापासून, चर्च ते लग्नच धरत नाही म्हणून, मला कम्युनियनचा प्रसाद घेता येत नाही, हे तुला मी काय सांगावं? तूच तेव्हा दारात उभी राहून ते सांगितलं होतंस आणि तिथूनच परत गेलीस, ती आजतागायत आली नाहीस. (राग नाही. होता, पण वापरून वापरून विरला.) एकोणीस वर्षं दर रविवारी मिस्सेत अख्खा बाक उठून प्रसादाच्या रांगेत जातो, तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो. उन्हाळ्यात चपला असतात, तरी वाकतो. बायको शेजारी ताठ बसून समोर बघत असते. माझ्या पाठीवरून लोक कसेबसे पलीकडे जातात. माझ्या हातून काहीतरी भयंकर घडलेलं आहे याबद्दल चर्चमध्ये दुमत नाही. बेकरीवाल्या बाईंच्या मते तर मी कुणाला तरी पार संपवलेलं आहे. तरीही प्रथम कम्युनियनचे पांढरे झगे दरवर्षी माझ्याकडेच शिवायला येतात, कारण माझ्या हाताची शिवण उसवत नाही. यंदा त्यांत आपल्या पोरीचाही झगा आहे. स्टुलावर उभी करून तिच्या झग्याला टाचण्या लावत होतो, तर म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सगळ्यांचे बाबा रांगेत मागे उभे राहतात. तू नाडी बांधणार का?" टाचणी माझ्याच बोटात गेली.

दुसऱ्याच दिवशी नवे फादर कमरेला सैल करायला झगा घेऊन दुकानात आले. जुन्या फादरांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, दोघेही भिडस्त. यांना मात्र मी तोंडात टाचण्या धरूनच सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "अहो, मग चर्चमध्ये लग्न लावून घ्या की! बिशपांची परवानगी मी आणतो. वहिनींना धर्म बदलावा लागत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे." आधी कन्फेशन मात्र करायचं, झाली तेवढी पापं सांगून टाकायची. (एकोणीस वर्षांचं आहे म्हटल्यावर ते म्हणाले, जेवून येतो.)

मी उड्या मारत घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "पुढच्या महिन्यात आपलं लग्न आहे." ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मग एकोणीस वर्षं मी इथे कोण म्हणून राहिले?" मी तिला नियम समजावले. एकामागून एक सगळे, अगदी कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही इथपर्यंत. तिथेच माझं चुकलं. ती म्हणाली, "मागच्या वेळी तू मला विचारलंच नव्हतंस. 'ऑफिस पाचला बंद होतं, चल लवकर,' एवढंच म्हणाला होतास. या वेळी नीट विचार."

विचारलं, ताई. दुकानात, गळ्यात टेप, एक गुडघा जमिनीवर (दुखरा, घाईत तोच टेकला). पडद्याआड एक गिऱ्हाईक पँट घालून बघत होतं, ते बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागलं. बायको म्हणाली, "विचार करून सांगते," आणि निघून गेली. आज सहावा दिवस. मी नळ दुरुस्त केला, रोज दाढी करतो, निजायच्या खोलीतलं शिलाई मशीन हलवलं, आता माळा आवरायला घेतलाय. ती सगळ्याकडे कापड पसंत करायला आल्यासारखी बघते आणि "बघू" म्हणते. पोरगी तिच्या पक्षात गेली आहे. हसू नकोस, मला खरंच भीती वाटते. तेव्हा ती मला ओळखत नव्हती म्हणून हो म्हणाली. आता चांगली ओळखते. आणि पोरीच्या मागे त्या रांगेत उभं राहायची मला फार इच्छा आहे गं. नाड्या बांधून कंटाळलो.

भावोजींना नमस्कार.

तुझा, अजून न ठरलेला,
धाकटा

ता. क. लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एक घंटा वाजवणारे काका. दुसऱ्याच्या जागी मी तुझं नाव सांगून बसलो आहे. तुला न विचारता. (खोड जुनीच आहे.) येशील ना?

ता. क. (हे अक्षर माझं) वन्सं, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यानं विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फादरांच्या अर्जावर सही करून आले. त्याला सांगू नका, माळा अजून अर्धाच झालाय. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी लग्न आहे, रविवारी पोरीचं कम्युनियन. त्या रविवारी ही दोघं रांगेत जातील आणि बाकावर मी एकटी उरेन. मी तुमच्या धर्मातली नाही, मला घेता येत नाही, ते मला कळलंय, तक्रार नाही. एकोणीस वर्षं हा एकटा पडू नये म्हणून मी तिथे बसत होते. तुम्ही प्रसाद घेतलात की परत येताना माझ्या शेजारी येऊन बसा. जागा धरून ठेवते.