तीन आखूड, एक लांब

३ मार्च
आले एकदाची! दवाखान्यातली खोली उजेडाची, खिडकीला लागून रान. शेजारच्या खाटेवरची वाल्ट्राउट भलतीच बोलकी. म्हणाली, अगं, इथे आलेली विधवा जाताना कुणाला तरी पटवूनच जाते, केस तरी नीट विंचर. फार दिवसांनी हसले. हसल्याने धाप लागली.

डॉक्टर म्हणाले, आधी आठवडाभर नाकातली नळी, मग आठवडाभर मुखवटा. ज्याने बरं वाटेल ते यंत्र घरी न्यायचं. मला एवढंच हवंय, की माळ्यावर चढून माझ्या नवऱ्याच्या, ओटमारच्या कबुतरांना स्वतःच्या हाताने दाणे घालावेत. कोळशाच्या खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली. शेवटी हवा मागत मागत गेला.

८ मार्च
नळी मानवली. उबदार, ओलसर हवा नुसती वाहत राहते. बोलता येतं, खसखशीचा केक खाता येतो. मुखवटा बांधला की मात्र बोलता येणार नाही म्हणे. वाल्ट्राउट म्हणाली, चला, माझे कान सुटले!

रोस्विता सिस्टरने मुखवट्याचं यंत्र दाखवलं. आपण श्वास ओढला की हिरवा दिवा, यंत्राने आपणहून दिला तर पिवळा.

१० मार्च
उद्यासाठी सिस्टरने यंत्र चालू करून पाहिलं. मुखवटा खुंटीवर, तरी दिवा हिरवा. सिस्टर म्हणाली, खिडकीतून वारा लागला असेल. वाल्ट्राउट म्हणाली, आला बघ तुझा यार.

दिव्याची लय तीन आखूड, एक लांब. या श्वासाशेजारी मी जन्मभर झोपले. मला रडू आलं, आनंदाने.

११ मार्च
मुखवटा बांधला. मी ओढायच्या आधीच हिरवा. माझ्यासाठी हवा उरतच नाही. हातपाय झाडले. सिस्टरला वाटलं, नवीन आहे, घाबरली. पट्टे आणखी घट्ट केले.

१२ मार्च
नळीच द्या म्हटलं. डॉक्टर खूश होते. मुखवट्यावर आकडे किती सुधारले म्हणाले, घरी हाच न्यायचा. ते आकडे माझे नाहीत. सांगितलं. त्यांनी खांदा थोपटला.

१३ मार्च
वाल्ट्राउटने खोली बदलून मागितली. तुझ्या मुखवट्यातून पुरुष खोकतो म्हणाली. हसली नाही.

१४ मार्च
बोलता येत नाही — लिहिते —
ओटमार, थोडी हवा मला ठेव — कबुतरं —
सिस्टर म्हणते, छान चाललंय —
मी श्वास रोखून धरलाय. तरी हिरवा. आखूड — आखूड — आखूड —
आता लां