महिनाभराचे शिक्के

१ एप्रिल
मिळाली एकदाची नोकरी! अकरा वर्षं चार कॉलेजांत तासांवर शिकवून टाचा झिजल्या. आज या डोंगरातल्या विद्यापीठात मृदाशास्त्राची सहायक प्राध्यापक झाले. करार तीन वर्षांचा, पण काम पसंत पडलं तर कायम करतात, आणि कायम झालं की राहायला घर देतात. मग आईला इथे आणता येईल. फोनवर ती रडलीच. कचेरीतल्या त्सुजीबाई मोठ्या फटकळ. हजेरीवहीत रोज स्वतःच्या नावाचा शिक्का उमटवायचा, असं सांगून वर म्हणाल्या, की इथले विद्वान अख्ख्या महिन्याचे एकदम ठोकून मोकळे होतात. कुमागाईबाई, तुम्ही तसलं करू नका, अंगाशी येतं.

९ एप्रिल
अर्ज, बैठका, मातीचे नमुने. श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि वही पार पलीकडच्या इमारतीत! रोज कोण तंगडतोड करणार? सगळेच करतात, मग मीच काय घोडं मारलंय? तीस तारखेपर्यंतचे शिक्के उमटवून टाकले. लाल रांग छान दिसते.

१५ एप्रिल
काल तापाने फणफणले होते. दिवसभर अंथरुणात; कळवायचंही त्राण नव्हतं. आज शरमतच गेले, तर त्सुजीबाई म्हणाल्या, कालचा तास झकास झाला म्हणे! मला वाटलं, टोमणा मारताहेत. वर्गात फळ्यावर माझं अक्षर. मुलांच्या वह्यांत धडा उतरवलेला, जो मी अजून शिकवलेलाच नाही.

१७ एप्रिल
त्सुजीबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, शिक्का पडला की तो दिवस भरतोच. तुम्ही भरा, नाहीतर दुसरं कुणीतरी भरतं. मी हसले. त्या हसल्या नाहीत. खोडता येत नाही का, विचारलं. नाही म्हणाल्या. वेळेआधी येत जा, जागा रिकामी ठेवू नका.

२३ एप्रिल
बस चुकली. सात मिनिटं उशीर. दारातून पाहिलं – माझा निळा कोट, माझी पाठ. ती शिकवत होती. माझ्याहून चांगलं. मुलं हसत होती. माझ्या तासाला कधी हसत नाहीत. आत जायला हवं होतं. तास संपेपर्यंत दाराआडच उभी राहिले.

२८ एप्रिल
रोज उजाडताच जाते. खुर्चीत ती आधीच बसलेली. विभागप्रमुखांनी आज बोलावलं – तिला. कायम केलं म्हणे. अकरा वर्षं मी झिजले आणि – जाऊ दे. दोनच शिक्के उरलेत. मग तिला जावंच लागेल.

१ मे
गेली नाही. मे महिन्याचं पान उघडलं – सगळं लाल. जून, जुलै – थेट पुढच्या मार्चपर्यंत. मी नाही उमटवले, शपथ घेऊन सांगते, मी नाही – त्सुजीबाईंना ओरडून विचारलं. त्यांनी अदबीने विचारलं, आपण कोण, कुणाला भेटायचंय?

२ मे
विद्यापीठाच्या घरांसमोर. उभ्यानेच लिहितेय. आई आली. माझ्या निळ्या कोटातली ती आईचं सामान उचलतेय. हाक मारली – जिवाच्या आकांताने – आई वळली. कमरेत वाकून नमस्कार केला मला, परक्या बाईला करतात तसा –

आई, अगं नीट बघ ना, मी तुझी –